खुणेच्या डावीकडे

रोवीनाने काठी वाळूत टोचली आणि ती सैल कणकेत बोट जावे तशी आत गेली.

तिने ती लगेच बाहेर काढली नाही. दम खात असल्यासारखी काठीवर रेलून उभी राहिली आणि पुढे पाहिले. थोड्या अंतरावर लॉरेलच्या झुडपाची फांदी खूण म्हणून वाळूत रोवलेली होती. तिच्या पलीकडे दुसरी, मग तिसरी, अशा थेट नदीच्या पात्रापर्यंत. ओहोटीत खाडी पार करायची तर या फांद्यांच्या रांगेने चालायचे, ही इथली जुनी रीत. काल बाबांनीच त्या रोवल्या होत्या. पण रात्रीची भरती खालची वाळू कुठून कुठे नेईल याचा नेम नसतो, म्हणून निघायच्या आधी वाटाड्याने सकाळी पुन्हा एकदा पाहून यायचे. बाबा पाहून आले होते. “ठीक आहे,” म्हणाले होते.

फांदीच्या अलीकडची वाळू चकाकत होती. ओल्या वाळूची चमक निराळी असते. ही चमक हलत होती, पातेले उचलताना दुधावरची साय हलते तशी. म्हणजे खाली माणसाला गिळणारी, रुतवणारी वाळू.

मागे पिवळ्या सदऱ्यांची लांबलचक रांग थांबली. हॉस्पिससाठी, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांच्या शुश्रूषागृहासाठी, निधी गोळा करायला दर उन्हाळ्यात ही सहल निघे. बायका, मुले, कुत्री, चिखलाने माखलेले पाय.

“थांबलो का? सँडविच काढायचं का?” जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईने विचारले.

“डोरीन, तू मघाशीच खाल्लंस,” तिची मैत्रीण म्हणाली.

“ते गाडीत. गाडीतलं धरत नाहीत.”

हशा पिकला. त्या हशातून वाट काढत बाबा पुढे आले. सत्तरी ओलांडलेला, उंच, अनवाणी माणूस. गळ्यात शिट्टी.

“काय झालं गं?”

“काही नाही. मागची माणसं येऊ देत.”

त्यांनी पुढे पाहिले. त्यांची नजर फांदीवर न थांबता तिच्या जरा बाजूला थांबली. हिवाळ्यापासून ते असेच पाहत. समोरच्या वस्तूच्या कडेला बघत, आणि टेबलावरचा कप हाताने चाचपून शोधत. रोवीनाने ते पाहिले होते. तिने पाहिले आहे हे त्यांनाही ठाऊक होते. त्यावर घरात शब्द निघाला नव्हता.

आणि आज नेमके ट्रस्टचे हॅलिवेल साहेब सोबत चालत होते. खाडीचा वाटाड्या ट्रस्ट नेमतो, आणि बापलेकीचे खाडीकाठचे पांढरे घर त्या कामाबरोबर येते. शरद ऋतूत नेमणूक पुन्हा व्हायची होती. निघताना साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले होते, “अल्बन फिअरनची नजर म्हणजे घारीची. निर्धास्त चला.” बाबांनी टोपी सारखी केली होती.

“बाबा,” रोवीना हलकेच म्हणाली, “जरा डावीकडून जाऊ या का?”

“का?”

“असंच.”

“असंच?” त्यांचा आवाज वाऱ्यावर मागेपर्यंत गेला. “फांद्या मी लावल्यात, रो. सकाळी मी पाहून आलोय.”

“माहीत आहे. तरी पण.”

“काही अडचण?” हॅलिवेल साहेब जवळ आले.

“अडचण कसली,” बाबा म्हणाले. “पोरगी आईवर गेलीय. तीही पाय भिजवायच्या आधी दहादा विचार करायची.”

लोक पुन्हा हसले. रोवीनाही हसली. लांब समुद्राकडे पक्ष्यांचा एक थवा उठला, थोडा अलीकडे येऊन बसला आणि पुन्हा उठला. भरती सुरू झाली होती. त्यांच्याकडे वेळ होता, पण वाद घालायला पुरेल इतका नव्हता. आणि वाद घालायचा म्हणजे सगळ्यांदेखत त्यांना विचारायचे, बाबा, ती चमक तुम्हाला दिसते का?

बाबांनी शिट्टी वाजवली. “चला.”

रांग हलली. एक तपकिरी कुत्रा दोरी सोडवून पुढे धावला आणि डोरीनची नात त्याच्या मागे. फांदी समोर दिसत होती, मग भीती कशाची. पोरीचे गुलाबी बूट पचपच करत चकाकीच्या दिशेने निघाले.

रोवीना धावली. पोरीला तिने हाताने मागे लोटले. कुत्रा हलका, तो काठाकाठाने निसटला. मग तिने ओठांतल्या ओठांत देवाचे नाव घेतले, काठी आडवी धरली आणि समोर न टोचता उजवा पाय पुढे टाकला.

गुडघ्यापर्यंत जाईल असा तिचा अंदाज होता. पाय मांडीपर्यंत गेला. तोल सावरताना दुसराही गेला. गार वाळूने दोन्ही पाय चहूबाजूंनी आवळले आणि क्षणभर तिला वाटले, आपला हिशेब चुकला.

मागे कोणी किंचाळले.

“मागे व्हा. सगळे मागे. कोणी पुढे यायचं नाही.” हा बाबांचा जुना आवाज होता. ते पोटावर पडून सरपटत आले. आपली काठी त्यांनी तिच्या काठीला जोडून आडवी टाकली, दोन्ही तळवे वाळूवर टेकले, आणि ते तिथेच थांबले.

तळव्यांखाली वाळू थरथरत होती. त्यांनी एक हात पुढे सरकवला, फांदीच्या दिशेने. तिथेही थरथरत होती. आणखी पुढे सरकवला. रोवीना त्यांच्या हाताकडे पाहत राहिली.

“अंग मागे टाक,” ते म्हणाले.

“टाकलंय.”

“पाय ओढू नकोस. नुसता हलव. पाणी आत शिरू दे.”

“माहीत आहे, बाबा.”

“माहीत आहे?” ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा तिच्या अगदी जवळ आला, नजर तिच्या कानाजवळ कुठेतरी. “तुला माहीत होतं,” ते हळूच म्हणाले.

तिने दोन्ही काठ्यांवर भार टाकला. त्यांनी तिच्या काखेत हात घातले. एक पाय सुटला. दुसरा सुटायला फार वेळ लागला आणि त्याचा बूट वाळूनेच ठेवून घेतला.

लोक टाळ्या वाजवू लागले.

“चुकलं माझं,” रोवीना उभी राहत सगळ्यांना म्हणाली. “लक्ष नव्हतं. आता डावीकडून जायचं. एकामागे एक, आणि कुत्री दोरीला.”

“आमची बाई एक बूट घालून नेणार वाटतं,” डोरीन म्हणाली, पण नातीचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता.

रोवीना पुढे चालली, पावलापावलाला काठी टोचत. बाबा सगळ्यांच्या मागे राहिले. त्यांची शिट्टी पुन्हा वाजली नाही. नदीचे पाणी मांडीला लागले तेव्हा मोठ्यांनी मुलांना खांद्यावर घेतले आणि बोलणे थांबले. पलीकडच्या काठाला लागून तिने वळून पाहिले तर मघाशी सगळे थांबले होते ती जागा पाण्याखाली होती आणि फांद्यांचे नुसते शेंडे दिसत होते.

बांधाखाली हॉस्पिसच्या बायकांनी चहा आणि केक मांडला होता. रोवीना दगडावर बसून मोजा पिळू लागली. बाबा शेजारी येऊन बसले.

हॅलिवेल साहेब दोन कप घेऊन आले. “अल्बन, आज तुम्ही होता म्हणून. नाहीतर आमच्यावर काय प्रसंग आला असता.” मग रोवीनाकडे पाहून, समजुतीने, “तू मनाला लावून घेऊ नकोस. नजर तयार व्हायला वर्षं लागतात.”

“हो,” रोवीना म्हणाली.

“तिचा पाय चुकून नाही पडला,” बाबा म्हणाले.

“म्हणजे?”

“काठी हातात होती तिच्या. मुद्दाम टाकला पाय.”

“मुद्दाम कोण टाकेल, अल्बन?”

“बाप आंधळा असला तर पोरगी टाकेल.”

हॅलिवेल साहेब हसले. मग त्यांनी रोवीनाकडे पाहिले. ती पिळून झालेला मोजा पुन्हा पिळत होती. त्यांचे हसू अर्ध्यावरच थांबले.

“बाबा, चहा निवतोय,” ती म्हणाली.

“निवू दे.” त्यांनी कप दगडावर ठेवला, आधी बोटांनी दगडाची कड शोधून. “सकाळी मी पाहून आलो, साहेब. चालत गेलो आणि परत आलो. माझीच फांदी मला दिसली नव्हती. वाळूचं तर सोडाच.”

पलीकडे कोणी केकचे तुकडे वाटत होते. डोरीन कुत्र्याला रागे भरत होती. साहेबांनी हातातला दुसरा कप दगडावर ठेवला. टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

बाबा उठले. बांधावर चढायच्या पायऱ्या रुंद होत्या, कोरड्या होत्या, जन्मभराच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. तो रोवीना बसली होती तिथून जरा बाजूला गेला.

ती उठली आणि हात होता तिथे जाऊन उभी राहिली.