कोणाचं नाव घेऊ

पऱ्हाटी फुटून वावर पांढरंफक्क झालं होतं आणि यमुनेकडे वेचायला एक बाई यायला तयार नव्हती. वर आभाळ भरून आलेलं. दिवाळीच्या तोंडावर पाऊस कशाला हवा, पण त्याला कोण विचारतं! एक सर आली असती तर बोंडातला कापूस भिजून काळा पडला असता. यमुना माझी धाकटी जाऊ. तिचं वावर आणि माझं वावर, मध्ये फक्त एक धुरा, बांध म्हणा. माझ्याकडे बायका हसत-खिदळत वेचत होत्या, आणि पलीकडे ती एकटी, कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीत, तासात वाकलेली. मला ते बघवेना.

शेवटी मी मंगलाला गाठलंच. मंगला म्हणजे आमच्या वेचणाऱ्या बायकांची पुढारीण. ती म्हणेल त्या वावरात सगळ्या जातात.

"काहून वं मंगला, यमुनाच्या वावरात साप निंघाले का?"

"साप कायचे बाई."

"मंग जाऊन काहून नाई राहिल्या तुमी?"

मंगला ओटीतला कापूस उगाच दाबत राहिली. "तो दहीभात हाये ना तिचा," एवढंच म्हणाली.

आता हे दहीभाताचं सांगायला हवं. आमच्या रामाकोन्याकडे पहिला वेचा काढायच्या आधी सीतादही करतात. वावरात सात खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, कापूस वाहायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो बायकांच्या हातावर द्यायचा आणि मग ओट्या बांधायच्या. यमुना आणि माझा दीर मोतीराम, आता तो नाही, ख्रिस्ती झाले तेव्हा तिचे खडे गेले, हळदकुंकू गेलं, पण दहीभात राहिला. बायकाच अडून बसल्या, दहीभाताशिवाय आम्ही ओटी बांधत नाही म्हणून. मग यमुना पातेलं पुढ्यात घेऊन, डोळे मिटून प्रार्थना करू लागली आणि प्रार्थनेत एकेकीचं नाव घेऊ लागली. मंगलाचे गुडघे दुखतात बापा, तिला बळ दे. मीनाच्या नवऱ्याची दारू सोडव. सुचिताची कूस भर. बायका हातावर दहीभात घेऊन आपलं नाव येईपर्यंत थांबायच्या. एखादीचं राहिलं तर तिथंच भांडण. "माह्यं सुटलं ना वं यमुनाबाई!" की यमुना पुन्हा डोळे मिटायची.

नाव घेणं हाच तिचा धर्म, असं मी तरी समजत होते. बायबल तिला अडखळत वाचता यायचं. पण नावं घ्यायला बसली की ती उठायचीच नाही. मी चिडवायची, "लग्नात नवऱ्याचं नाव घ्याले दोन घंटे लाजली होतीस, आता साऱ्या गावाचं घेतेस." त्याला कारणही तसंच होतं. तिचा रोशन लहानपणी तापानं पार गेल्यात जमा होता, तेव्हा मोहगावच्या दोन ख्रिस्ती बायका आल्या आणि त्याच्या उशाशी बसून रोशन, रोशन म्हणत प्रार्थना करत राहिल्या. पोरगा उठला. डॉक्टरचं औषधही चालूच होतं, मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते. पण यमुना म्हणाली, "बाई, माह्या लेकराचं नाव परक्या बायकाईनं घेतलं. आपल्या रक्ताच्यानं बी नाई घेतलं तसं." मग ती त्यांच्यातच गेली.

तर गेल्या वर्षी मंगलाच्या पोरीनं, सुचितानं, त्या दहीभाताचा व्हिडिओ काढला. हौसेनं हो, दुसरं काही नाही. बायका माना खाली घालून उभ्या, यमुना डोळे मिटून नावं घेते आहे, मागे पांढरं वावर. छान दिसतो म्हणून तिनं तो मोबाईलच्या स्टेटसला लावला. यंदा कोणीतरी तोच व्हिडिओ खाली भलतंच लिहून फिरवला: भात चारून बायकांचा धर्म बदलताहेत. मंगलाच्या अंकुरला चौकात दोघा-तिघांनी अडवून दाखवला. तुझ्या आईचं नाव घेतलं आहे, म्हणजे ती बाटलीच, म्हणाले. धर्म बदलण्याविरुद्ध कायदा आहे, उद्या ठाण्यात जावं लागेल.

"म्या समजावलं अंकुरले," मंगला मला म्हणाली, "की बाबू, दही आपल्याच म्हशीचं, तांदूळ आपल्याच दुकानातला. पन तो कामावर जाते रोज त्याच रस्त्यानं. मले भेव लागते बाई."

"मंग तिचा कापूस सडू द्याचा?"

मंगलानं ओटी सोडून ठेवली. मग माझ्यासोबत धुरा ओलांडून यमुनेपुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण होईल. पण मंगलाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"यमुनाबाई, उद्या येतो आमी साऱ्या. दहीभात बी खातो. पन एक करजो. माह्यं नाव घेऊ नोको. कोनाचंच नोको घेऊ."

यमुनेनं हातातला कापूस ओटीत टाकला. मग म्हणाली, "नाई घेनार. तू ये."

मंगला परत गेल्यावर मी यमुनेला म्हटलं, "वेडे, मनात घे ना! कोनाले समजते?"

"तिनं नाई म्हटलं ना बाई," यमुना म्हणाली. "मंग मनात घेतलं तरी चोरीच झाली."

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. ज्यांनी पाठ फिरवली त्यांना दिलेला शब्दही ही बाई देवासमोर पाळणार!

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर बायका आल्या. यमुनेनं पातेलं उघडलं आणि एकेकीच्या हातावर दहीभात घातला. बोलली काहीच नाही. बायका दरवर्षीसारख्या हात पुढे धरून उभ्या राहिल्या. कोणी तोंडात घालेना. कशाची वाट बघत होत्या ते त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण हळूहळू एकेकीच्या माना खाली गेल्या. मीनानं डोळ्याला पदर लावला. शेवटी मंगलानं घास घेतला आणि मग बाकीच्यांनी. मी बाजूला उभी होते, मला तर तो दहीभात मयताच्या घरच्यासारखा वाटला. यमुनेनं ओटी बांधली आणि पहिल्या तासाला लागली. दिवसभर कोणी गाणंसुद्धा म्हटलं नाही. पाऊस आला नाही, कापूस वाचला, ही त्यातली बरी गोष्ट.

संध्याकाळी कापसाच्या गाठोड्या न्यायला रोशन आला. सौंसरला एका कंपनीत लागला आहे, अंगावर कंपनीचा शर्ट. त्याचं लग्न पल्लवीशी जुळलं होतं. पोरगी गुणाची आणि माणसं चांगली, फक्त आपल्या देवाधर्माची; रोशन आईच्या धर्मात नाही, असं समजूनच त्यांनी होकार दिला होता. त्यानं गाठोड्या गाडीवर बांधल्या आणि किल्ली हातात फिरवत उभा राहिला.

"आई, मंगलाकाकूचं समजलं मले. बरं केलं तू."

"हं."

"मी काय म्हनतो... तू रविवारी प्रार्थनेत बसते ना, तं तुहा आवाज रस्त्यावर येते. पल्लवीच्या मामानं आयकला. मले इचारे, तुमचं नाव काहून घेऊन राहिली तुमची आई, तुमी बी त्यातलेच का?"

यमुना त्याच्याकडे बघत होती. मी मध्ये बोलले, "रोशन, गाडी काढ. अंधार पडून राहिला."

"मोठीमाय, बोलू दे मले. आई, मी काई तुह्या प्रार्थनेले मना नाई करत. पन माह्यं नाव घेऊ नोको. लग्न होईपर्यंत तरी."

"बरं," यमुना म्हणाली.

एवढंच. मी त्या पोराला दोन लावून देणार होते, पण तिनं माझा हात धरला. गाडी गेली. तिनं खाली सांडलेला कापूस बोटांनी वेचला, त्यातला काडीकचरा काढला आणि पदरात घेतला. त्या पोराला तिनं पोटात वाढवलं त्यापेक्षा प्रार्थनेत जास्त वाढवलं होतं, हे मला माहीत आहे, आणि म्हणून मी सांगते, त्या संध्याकाळी तिचा मुलगा गेला. जिवंत आहे, सुखी राहो, पण गेला.

रविवार आला. पूर्वी तिच्या पुढच्या खोलीत रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. रामाकोन्याची, मोहगावची, पार सावरगावची माणसं यायची, ढोलकी वाजायची, टाळ वाजायचे. यंदा पाळकसाहेबांनीच निरोप धाडला होता, काही दिवस आपापल्या घरी करा. तरी यमुनेनं सतरंजी अंथरलीच, सगळी, भिंतीपर्यंत. मी नेहमीसारखी बाहेर ओट्यावर तूर निवडत बसले. मी आत कधी जात नाही. माझा देव्हारा मला आहे आणि यंदाही माझ्या वावरात सात खडे मांडूनच मी वेचा काढला. पण ती गाते ते मला ऐकायला आवडतं, त्याला काय करता?

तिनं एकटीनं गाणं म्हटलं. मग वाचन झालं, अडखळत. मग प्रार्थना सुरू झाली, स्वर्गातल्या बापाला धन्यवाद, दाण्याबद्दल धन्यवाद, कोरड्या आभाळाबद्दल धन्यवाद. आणि मग ती थांबली. मी सूप खाली ठेवलं. बराच वेळ आतून काही येईना तशी मी दारात जाऊन उभी राहिले.

"काय झालं वं?"

यमुना गुडघ्यांवर बसलेली, हात जोडलेले, डोळे उघडे.

"बाई, आता कोनाचं नाव घेऊ?"

मी म्हटलं, "मोतीरामचं घे."

"मेल्याईसाठी मांगत नाई आमच्यात. ते त्याच्याचपाशी हायेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जित्याईचं घ्याचं असते. अन् जित्याईनं तं मना केलं."

त्या एवढ्या मोठ्या सतरंजीवर ती अशी बसली होती की मला माझ्या गावाची लाज वाटली.

"माह्यं घे," मी म्हणाले.

"नोको बाई. भाऊजीले त्रास होईन. तुमाले बोलतीन लोक."

"बोलू दे. माह्या तोंडाले लागून पाहा म्हनाव कोनी. मी उर्मिला, गुणवंताची बायको, माह्या देव्हाऱ्यात साऱ्या मूर्ती जागेवर हायेत. म्या मना केलं का तुले? मंग घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय मांगू तुमच्यासाठी?"

मागायला माझ्याकडे काय कमी होतं? गुडघे माझेही दुखतात, मंगलापेक्षा जास्त. पण त्या घडीला मला एकही गोष्ट मागावीशी वाटली नाही.

"काई मांगू नोको. नुस्तं नाव घे. अन् मोठ्यानं घे, रस्त्यावर जाऊ दे."

यमुनेनं डोळे मिटले. "हे बापा," ती म्हणाली, "ही माही जाऊ, उर्मिला..." आणि पुढे तिला बोलताच येईना. उर्मिला, उर्मिला एवढंच म्हणत ती ढसाढसा रडत राहिली, आणि मी चप्पल काढून आत गेले, तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.