हद्दीचा पूल

"तुम्ही बिनघोर जा बाई," उपगव्हर्नर रॉस्को टिबेट्स म्हणाला आणि व्हर्ना लिंडक्विस्टनं उचललेली पर्स परत टेबलावर ठेवली.

व्हर्ना अमेरिकेतल्या एका राज्याची गव्हर्नर होती. धाकट्या बहिणीचं, अर्लीनचं, त्या दुपारी हृदयाचं ऑपरेशन होतं. वाचेल अशी हमी डॉक्टरही देत नव्हते. पण इस्पितळ नदीपलीकडं, म्हणजे दुसऱ्या राज्यात. गव्हर्नरनं हद्द ओलांडली की परतेपर्यंत सहीचा अधिकार उपगव्हर्नरचा. आणि रॉस्को पडला विरोधी पक्षाचा, लोकांनी वेगळ्या मतानं निवडून दिलेला. गेल्या वर्षी ती भाचीच्या लग्नाला पलीकडं गेली, तर केक कापेपर्यंत या गृहस्थानं मासेमारी मंडळावर आपला मेहुणा बसवला. आता तर वरच्या कोर्टात न्यायाधीशाची खुर्ची रिकामी होती.

"असं करा," ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्हीही चला. अर्लीनला तुमचे विनोद आवडतात."

"ती तर मला सोंगाड्या म्हणते."

"तेच ते."

तो लगेच कोट चढवायला लागला. जरा जास्तच लगेच. गाडीत बसल्यावरही व्हर्ना त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघत राहिली. इतका मुकाट्यानं आला कसा हा?

पुलाच्या मध्यावर हद्दीची हिरवी पाटी दिसू लागली आणि रॉस्को एकदम ताठ झाला.

"बाई, आपण दोघंही बाहेर पडलो तर सही कुणाची?"

"राज्य सचिवबाईंची," ड्रायव्हर मायलो पुढून म्हणाला. "क्रॅबट्रीबाईंची."

"विनोना!" दोघं एकदम ओरडले. पक्ष कुठलाही असो, विनोना क्रॅबट्रीवर कुणाचाच भरवसा नव्हता.

"हे आधी सुचलं नाही तुम्हाला?" व्हर्ना म्हणाली.

"मी तुमच्यावर पाळत ठेवायला आलो! म्हटलं, बहिणीचं निमित्त. पलीकडच्या गव्हर्नरशी पाण्याचा सौदा करणार तुम्ही."

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. आत्ता याला सोडायला मागं वळावं, तर परत येईपर्यंत अर्लीनला ऑपरेशनला आत नेलेलं असणार.

"मायलो, पाटीच्या अलीकडं थांबव. रॉस्को, उतरा."

"इथं? या वाऱ्यात?"

"परत जा. तुमचे डाव निदान मला पाठ आहेत."

"मग ती कोर्टाची खुर्ची—"

"माहीत आहे मला. उतरा आता."

तो टोपी धरून उतरला. गाडी हलली. तिनं मागच्या काचेतून पाहिलं. चालतोय कसला, पळत सुटला होता.

इस्पितळात अर्लीनला ढकलगाडीवर झोपवलं होतं. ओठ सुकलेले, डोळे मात्र तेच खट्याळ.

"आलीस? राज्य कोण सांभाळतंय मग?"

"सोंगाड्या."

"अगं बाई! विश्वास आहे तुझा?"

"तसूभरही नाही," व्हर्ना म्हणाली आणि तिचा गार हात दोन्ही हातांत घेऊन ढकलगाडीबरोबर ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत चालत गेली.