एका श्वासाची गारी

"पोट वर आलं पायजे, सुखवंता. छाती नाई," अल्काताई म्हणाली आणि माझ्या पोटावर ठेवलेली तांदळाची पिशवी तिने बोटाने दाबून पाहिली. पिशवी जागची हलत नव्हती. वर-खाली होत होते ते नुसते माझे खांदे.

फुलचूरला तिच्या गच्चीवर सकाळी योगाचा वर्ग असतो. त्या दिवशीही चटया टाकून आम्ही बाया उताण्या पडलो होतो. कोणी गुडघ्यासाठी आलेली, कोणी कंबरेसाठी, कोणी शुगरसाठी. माझं दुखणं दवनीवाड्याला राहत होतं, राइस मिल चालवत होतं आणि त्याचं नाव लक्ष्मीचंद होतं.

अल्काताईला मी सांगितलं होतं की मला भजनात गायचं आहे. मी शाळेत खिचडी शिजवणारी बाई. जन्मात धड अंगाई गायले नाही. मी गायला लागले की पोर झोपायचं सोडून उठून बसायची. अशा बाईला पन्नाशीत भजनाचा कळवळा कुठून सुटला, असं अल्काताईने विचारलं नाही. बुद्धविहारातल्या गायन मंडळात पहिला आवाज तिचा. ती एवढंच म्हणाली, "ॐ म्हण नाईतर आ म्हण, ते तुहं तू पाय. मले सूर पायजे."

भजन कसलं आलंय! मला उट्टं काढायचं होतं.

माझ्या आचलचं लग्न लक्ष्मीचंदच्या हेमेंद्रशी ठरलं होतं. साखरपुडा झाला, पत्रिका वाटून झाल्या. तेवढ्यात लक्ष्मीचंदला गोंदियातला एक व्यापारी भेटला, एकुलती एक मुलगी असलेला. आम्हाला सरळ नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून या माणसाने गावोगाव उठवलं की पोरीला दमा आहे, त्या घराण्याची छातीच कमजोर आहे. का, तर त्याची मिल पाहायला गेलो तेव्हा आचल खोकली होती. कोंड्याच्या धुरळ्यात माणूस खोकणार नाही तर काय गाणार? पुढे त्या व्यापाऱ्यानेही लक्ष्मीचंदच्या तोंडाला पानं पुसली, ते ऐकून मी शाळेच्या खिचडीत मूठभर जास्त शेंगदाणे टाकले होते. पण आमचं नुकसान व्हायचं ते होऊन गेलं. आचलला पाहायला येणारे आता चहा पिता पिता विचारतात, "पोरगी पायऱ्या चढते ना?"

माझा नवरा भुवनेश्वर म्हणाला, "जाऊ दे न वो, देव पाहून घेईल." भला माणूस आहे. भला म्हणजे काय, तर ज्याला काही करायचं नसतं तो.

आणि मग त्याच हेमेंद्रचं आमच्याच गल्लीत जमलं. रामलालच्या रविताशी, आमच्या घरापासून दगड मारला तर पोचेल इतक्या जवळ. वऱ्हाड माझ्या दारावरून जाणार होतं.

तेव्हा मला गारी आठवली. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मुलीकडच्या बाया वऱ्हाडाला गारी गातात. गारी म्हणजे गाण्यातली शिवी. व्याह्याचं नाव घेऊन काहीही म्हणा, त्याने रागवायचं नाही. शेवटची ओळ मात्र एका श्वासात ओढायची. मध्येच श्वास तुटला तर वऱ्हाड जिंकलं. नाही तुटला तर व्याह्याने ताटावर हात जोडून "हरलो बाई" म्हणायचं. नवरी आमच्या गल्लीची, म्हणजे गल्लीतल्या साऱ्या बाया मुलीकडच्या. मीसुद्धा.

पहिल्यांदा दुसऱ्याच एका लग्नात ओळ ओढून पाहिली. अर्ध्यात घसा फाटला आणि मी खोकत खाली बसले. बाया हसल्या. त्यातली एक बोललीच, "काऊन वो, खरंच दमा हाय का तुमच्या घरी?" अंगाची लाही लाही झाली माझ्या. दुसऱ्या दिवशी मी अल्काताईच्या गच्चीवर होते.

अल्काताईने माझ्याकडून काय काय करून घेतलं! भुजंगासन, अनुलोम-विलोम, कान बंद करून भ्रामरी. भ्रामरी मी शाळेत खिचडीच्या गंजापाशी करायची, तर पोरं मधमाश्या शोधत फिरायची. लोक श्वासाबरोबर देवाचं नाव घेतात, मी लक्ष्मीचंदचं घ्यायची. श्वास आत घेताना लक्ष्मी, बाहेर सोडताना चंद. इतकं नामस्मरण त्याच्या बायकोनेही केलं नसेल.

एके दिवशी तिने माझ्या तोंडासमोर दिवा धरला. फुंकर अशी सोडायची की ज्योत वाकली पाहिजे, विझली नाही पाहिजे. मी सोडली की विझायचीच. पुन्हा लाव, पुन्हा विझव.

अल्काताईने काडेपेटी खाली ठेवली. "कोनावर फुंकून राहिली तू?"

मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही क्षमा-शांतीचं पुराण लावणार. पण ती म्हणाली, "राग गळ्यात धरून ठेवला तुनं. म्हून आवाज फुटते. खाली ने त्याले, बेंबीच्या खाली."

"म्हंजे सोडू नोको म्हनता?"

"सोडाचा का ठेवाचा, ते तुह्या हातात हाय. पन गळ्यात नोको ठेवू." मग चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आन् एक ध्यानात धर. त्या रविताले त्याच घरी नांदाचं हाय."

"नवरीचं नाव घेत नाई. नवरदेवाचंबी नाई. ज्यानं केलं त्याचंच घेतो."

त्यानंतर पिशवी हलायला लागली. आधी नुसती थरथरायची, मग होळीच्या सुमारास चांगली वर येऊन हळूहळू खाली बसायला लागली. दिव्याची ज्योत वाकून तशीच राहायची. घरी मी सूर लावला की भुवनेश्वर टीव्हीचा आवाज वाढवायचा. एका संध्याकाळी त्याने तो चक्क कमी केला आणि म्हणाला, "बरा लागून राहिला वो." मला भारी आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आचलला कुणकुण लागली होती. लग्नाच्या सकाळी ती मला म्हणाली, "आई, तू नोको करू काई. मी का तमाशा होय?"

"मंग तू घरीच राह्य."

"काऊन? रविता माही मैत्रीन होय. मी पानी वाढनार हाय तिच्या लग्नात. मी काऊन लपू?"

पाण्याचा जग हातात घेऊन ती रामलालच्या मांडवात गेली.

दुपारी पंगत बसली. रामलालने डीजे बंद करायला लावला, कारण गारी ऐकल्याशिवाय म्हातारे जेवत नाहीत. लक्ष्मीचंद गुलाबी फेटा बांधून मधल्या टेबलावर. मिशीला बुंदी लागलेली. आमच्या गल्लीतल्या सुशीलाबाईने दोन गाऱ्या म्हटल्या, वऱ्हाडाच्या टकलावर, पोटावर, नेहमीच्याच. हशा झाला. मी पुढे सरकले तशी तिने माझा पदर धरला.

"श्वास पुरत नाई तुहा, सुखवंता. साऱ्याइची इज्जत घालवशीन."

मी पदर सोडवून घेतला. पाय रोवून उभी राहिले.

"आला आला लक्ष्मीचंद व्याही, गाडीतून उतरला गं,
पोरगी पाह्यली, शब्द देल्ला, घरी जाऊन इसरला गं!"

मांडव खदखदून हसला. बायांनी टाळ्या धरल्या. आणि सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं? लक्ष्मीचंद! "वा रे बाई! वा!" म्हणत त्याने आणखी एक पुरी तोडली. चोर तो चोर, वर शिरजोर. गारीत सगळं खपतं हे मला माहीत होतं, पण तोही त्याच आडोशाला बसला आहे हे मला तेव्हा कळलं. इतक्या महिन्यांचा माझा राग तो बुंदीसारखा चावून गिळत होता.

राग गळ्याशी आला. मी त्याला खाली नेलं. नाकाने श्वास घेतला, पोट भरलं, कुशी भरल्या, पाठसुद्धा भरली. आणि शेवटची ओळ सोडली.

"दमा कोनाच्या छातीत, सांग लक्ष्मीचंद व्याह्या रेऽऽऽ"

आधी ते हसतच होते. मी सूर धरून ठेवला. हसणारं माणूस किती हसणार? त्यालाही श्वास लागतोच. एकेक टेबल थांबत गेलं. टाळ्या विरल्या. वाढप्यांच्या बादल्या जागच्या जागी राहिल्या. सुशीलाबाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. पोट हळूहळू आत जात होतं आणि सूर तिथेच होता, न कापता, न फुटता. सगळा मांडव गप्प झाला तरी मी गात होते. मग मी आपल्या मर्जीने थांबले.

दमा आमच्या घरात नाही, हे आता कोणाला सांगायची गरज नव्हती.

लक्ष्मीचंदने घास खाली ठेवला. हसायचा प्रयत्न केला, पण साथीला कोणी नव्हतं. तुपकट हात जोडून म्हणाला, "हरलो बाई, हरलो." लोकांचा जीव भांड्यात पडला. रामलालने डीजेवाल्याला हात केला.

"मले नोको म्हनू," मी म्हटलं. "तिले म्हन."

आचल जग घेऊन त्याच्या पाठीमागे उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. क्षणभर वाटलं, आपण पोरीला पुन्हा सगळ्यांपुढे उभं केलं. पण शब्द तोंडातून निघून गेले होते आणि खरं सांगते, मला ते परत नको होते.

लक्ष्मीचंद वळला. जोडलेले हात आता खाली घ्यायची सोय नव्हती. सारा मांडव पाहत होता. वर स्टेजवर बसलेला हेमेंद्रही पाहत होता. शेवटी लक्ष्मीचंदच्या तोंडून निघालं, "हरलो, बाई." या वेळी हळू, आणि खाली मान घालून.

आचलने त्याचा रिकामा ग्लास काठोकाठ भरला, थेंबही न सांडता, आणि शेजारच्या माणसाकडे वळून विचारलं, "पानी?"