शिवणीपुरतं कापड

"अगं, सरळ उभी राहा! बायकोचं माप घ्यायला शिंप्याला परवानगी लागते होय?" टेप तिच्या खांद्यावर टाकून शिंपी स्वतःच खळखळून हसला. उजाडायच्या आत त्याने दुकान झाडलं होतं, अडलेला कोट पुरा केला होता आणि तोंडाने देवाची गाणी अखंड चालली होती.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा गं! देव पावला."

बायकोही हसली, पण तेवढ्यापुरतीच. मागच्या खेपेला दुखण्याची सुरुवातही अशीच गोड झाली होती. मग एक दिवस देवाने अवघ्या जगाला वस्त्र पुरवायची आज्ञा दिलीय म्हणत त्याने गिऱ्हाइकांचं कापड कापकापून रस्त्यात वाटलं. दवाखान्यात न्यायला शेजारपाजारचे लागले.

"तो मेनिया, म्हणजे पुरता उन्माद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "यांना त्याआधी हायपोमेनिया होतो, म्हणजे त्याचीच सौम्य पायरी. झोप कमी, बोलणं फार, अंगात वारं. पण काम सांभाळतात, भान शाबूत असतं. तेव्हाच आणा."

"पण बाई, खुशीतला माणूसही असाच असतो की!"

"नेहमीचा माणूस तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला नाही."

तेव्हापासून तिने आपली खूण धरली होती. भान असलं की तो कापताना शिवणीसाठी बोटभर कापड जास्तीचं सोडायचा. तिने गुपचूप कापलेले तुकडे पाहिले. बोटभर होतं.

"दवाखान्यात जाऊन येऊ या का?"

त्याचा चेहरा उतरला. "पडून राहिलो की रडतेस, उठलो की दवाखाना दाखवतेस. तुला मी हवाय तरी कोणता?"

हाच हवा होता. तेच तर दुखणं. "बरं, उद्या जाऊ," ती म्हणाली आणि माप द्यायला उभी राहिली.

सकाळी ती दुकानात आली तेव्हा शेजारच्या मुलीच्या लग्नाचं रेशीम कापून टेबलावर पडलं होतं. शिंपी रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होता, "या रे या! माप नको, काही नको! मला सगळ्यांची अंगं दिसतात!"

"आज जास्तच खुशीत आहे, नाही?" सासूबाईंनी चाचरत विचारलं.

पाठीचा तुकडा आणि पुढचा तुकडा तिने शेजारी शेजारी मांडले. कात्री थेट मापाच्या खडूच्या रेघेवरून फिरली होती. शिवणीला बोटभर सोडाच, सुई घालायलाही कुठे जागा उरली नव्हती. तरी ती कितीतरी वेळ हाताने ते रेशीम सारखं करत राहिली.