खोलीमापकाचा पत्ता

ठमीला कंपनीच्या गाडीने खाणीवर आणलं तेव्हा पाळणा मध्येच अडकून पडला होता. माणसांना खाणीत उतरवणारी ती लोखंडी लिफ्ट. तिला सगळे पाळणाच म्हणत. आत तिघं होते. एकाचा पाय दरडीखाली चेंगरला होता. त्याला घाईघाईने वर आणतानाच लिफ्टचं कंट्रोल बोर्ड जळालं होतं. उरलेल्या दोघांतला एक ठमीचा थोरला भाऊ.

हे तिला फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. इंजिनघराच्या दारात फिटरने खाली बघत सांगितलं. ती आत गेली आणि लॅपटॉप उघडून बसली.

तिचं काम बूटलोडरचं. वीज येताच बोर्डात सगळ्यांत आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्राम. बोर्डाला कुठली यंत्रं कुठल्या पत्त्यावर जोडलीत, याचं वर्णन त्याच्याजवळ असतं. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. त्यावरून तो एकेकाला हाक मारतो आणि सगळ्यांनी ओ दिली तरच मुख्य प्रोग्राम सुरू करतो. जळालेल्याच्या जागी फिटरने बसवलेलं सुटं बोर्ड दर वेळी एकाच जागी थांबत होतं. खोलीमापक सापडत नाही, एवढंच पडद्यावर येई. पाळणा किती खोल आहे हे कळल्याशिवाय मोटर त्याला हलवणार नव्हती.

मॅनेजर तिच्या पाठीशी उभा होता. बचाव पथक निघालंय, पण त्यांना पोचायला संध्याकाळ होईल, आणि जखमी माणूस तेवढा वेळ काढेलसं दिसत नाही, असं तो म्हणाला. वॉकीटॉकीवर मधूनमधून दादाचा आवाज यायचा. जखमेवर शर्ट आवळून धरलाय, माणूस आता बोलेनासा झालाय.

ठमीने बूटलोडरला मध्येच थांबवलं आणि वर्णन बाजूला ठेवून मापकं जोडलेल्या तारेवर कोण कोण आहे ते विचारलं. वर्णनातल्या पत्त्यांवर चिडीचूप. पण भलत्याच दोन पत्त्यांवरून उत्तर आलं.

"मापकं बदलली होती का?" तिने फिटरला विचारलं.

बदलली होती. खोलीमापक आणि ब्रेकच्या तेलाचा दाब मोजणारं, दोन्ही. जात तीच, पत्ते नवे. तेव्हा चालू बोर्डात दुरुस्ती झाली, कपाटातल्या सुट्या बोर्डाची कोणाला आठवणच राहिली नाही.

"मग टाक ना दोन्ही पत्ते आणि कर सुरू," मॅनेजर म्हणाला.

"कुठला कोणाचा, ते उत्तरावरून कळत नाही. उलटे पडले तर तेलाचा दाब खोली म्हणून वाचला जाईल. पाळणा वर आलाय हे मोटरला कळणारच नाही. सरळ वरच्या चाकावर जाऊन आदळेल."

तेवढ्यात दादाने तिलाच हाक मारली. ती आल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

"ठमे, याचे हात गार पडलेत गं."

एक पत्ता लहान होता, एक मोठा. खोलीमापकाला बहुतेक लहानच देतात. बहुतेक. तिची बोटं खोलीमापकापुढे तो लहान आकडा टाकून मोकळी झाली होती. तिने तो पुसला.

"फिटरदादा, वर जाऊन खोलीमापकाची केबल काढा."

फिटर जागचा हलेना. केबल काढली आणि ब्रेक सुटला तर?

"नाही सुटणार. ब्रेक स्प्रिंगने धरलाय. आणि मुख्य प्रोग्राम बंद आहे, मोटरला हुकूम द्यायला कोणी नाही. माझा सख्खा भाऊ आहे आत, उगाच सांगेन का?"

तो शिडी चढून गेला. काढली म्हणून त्याने वरून ओरडून सांगताच तिने तारेवर पुन्हा हाक दिली. लहान पत्ता बोलला, मोठा गप्प. केबल परत लावायला सांगितली. मोठाही बोलू लागला.

तिचा लहान पत्त्याचा अंदाज चुकीचा होता. त्यावर विचार करायला आत्ता सवड नव्हती. तिने वर्णनातले दोन्ही पत्ते बदलले, मोठ्याने वाचून मॅनेजरकडून ताडून घेतले आणि बोर्ड सुरू केलं. सगळ्यांनी ओ दिली. खोलीचा आकडा उमटला. दादाला पाळण्यातून समोरच्या भिंतीवर रंगवलेली खूण वाचायला सांगितली, ती जुळली.

पाळणा अगदी सावकाश वर आला. जखमीला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याच्या पापण्या हलत होत्या. मागून दादा उतरला, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. ठमी पुढे झाली, पण त्याला धरायच्या आधीच तिथे पायरीवर बसली. दादा शेजारी टेकला.

त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो वाचला. दादा त्याला भेटायला जातो तेव्हा ठमीलाही घेऊन ये म्हणून तो सारखा सांगतो. ती अजून गेलेली नाही. समोर बसलं की तो टाकून पुसलेला चुकीचा आकडा आपण बोलून टाकू, अशी तिला भीती वाटते.