खार, लिव्हरवर्ट आणि वरची खोली

थोरलीचा साधा हिशोब होता: प्रश्न विचारला की उत्तर ऐकावं लागतं, म्हणून विचारूच नये. मनातल्या मनात बेरीज करावी. धाकटी हल्ली जिन्यात उभी राहून फोनवर कुजबुजत होती. कपाटामागे रिकामी खोकी जमवत होती. काल तर तिच्या पर्समधून मोजायची टेप पडली आणि बाईसाहेब गोऱ्यामोऱ्या झाल्या. बेरीज झाली: धाकटी चालली. गावाबाहेरच्या मोठ्या छापखान्यानं तिला मागेच बोलावलं होतं.

दोघी बहिणी तळघरातल्या खोलीत शाळांसाठी तक्ते बनवत. धाकटी चित्रं काढी. थोरली मजकूर कागदाच्या पट्ट्यांवर लिहून चित्राशेजारी चिकटवी. सध्या विज्ञानाच्या बाईंचा तक्ता हातात होता. डावीकडे झाडावरची खार. उजवीकडे लिव्हरवर्ट, म्हणजे ओल्या दगडाला चिकटून वाढणारी चपटी हिरवी वनस्पती. कोण कशाला धरून राहतं, पाणी कुठून घेतं, पसरतं कसं, हे मुलांनी ताडून पाहायचं.

थोरलीचे हात पट्ट्यांवर होते, डोकं खोक्यांत. खार म्हणजे हुबेहूब धाकटी, लपवालपवीसकट. आणि आपण? आपल्याला तळघराची ओल मानवते. खोकला सोडला तर.

बाई तक्ता न्यायला आल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"अहो, तुमचं लिव्हरवर्ट दाणे पुरून ठेवतं?"

"काय म्हणता!"

"आणि खारीला म्हणे खरी मुळं नसतात, ओलीतून ती हलत नाही. पोरं मला वर्षभर पिडतील हो!"

सगळ्या पट्ट्या उलट्या बाजूंना लागल्या होत्या. आजवर थोरलीचा काना इकडचा तिकडे झाला नव्हता. धाकटीनं संध्याकाळपर्यंतचा वायदा केला, तशा बाई हसत हसत गेल्या.

"ताई, बरं वाटत नाहीये का तुला?"

"जायचंय तर सांगून जा ना सरळ!"

"कुठे?"

"छापखान्यात. खोकी, टेप, कुजबूज... मला काय डोळे नाहीत?"

धाकटी बघतच राहिली. मग स्टुलावर बसून पोट धरधरून हसली. "अगं बाई! वरची खोली रिकामी होतेय. घरमालकिणीच्या मागे लागलेय मी. ऊन येतं तिथं. कागद सर्दावणार नाही, तुझा खोकलाही जाईल. खोकी आपल्या दोघींच्या सामानाला. छापखान्याला तर तेव्हाच नाही म्हटलं."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुला? 'इथं काय वाईट आहे' म्हणून चिकटून बसली असतीस. पक्कं झालं की सांगणार होते."

थोरलीनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागदाचे कपटे उडाले. बेरीज चुकल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. अर्थात तोंडावर तो दिसू देईल ती थोरली कसली.

"माझं टेबल मावतं का तिथं?"

"खिडकीखाली. मोजलंय."

मग ओलं फडकं फिरवून दोघी पट्ट्या सोडवायला बसल्या. शेवटच्या पट्टीशी थोरली थबकली. 'पावसाचा थेंब पडला की याच्या इवल्या कपांतल्या हिरव्या चकत्या उडतात आणि पलीकडे रुजतात.'

"हे मीच लिहिलंय? लक्षच नव्हतं बघ. मला वाटायचं, हे चिकटलं की चिकटलं." तिनं पट्टी लिव्हरवर्टशेजारी नीट दाबून बसवली. "किती लांब उडतात गं?"

"एक जिना," धाकटी म्हणाली. "तेवढं पुरे."