डब्यातली कोरडी वाट

सटवाजींना विसरण्याच्या आजारानं असं घेरलं होतं की पोटच्या पोराला, भुजंगला, ते 'पाव्हणं' म्हणायचे. दार उघडं दिसलं की 'घरी जातो' म्हणून चालू पडायचे. ते घर येलदरी धरणाच्या पाण्यात गेल्याला वीसेक वर्षं झाली होती. तिसऱ्यांदा हुडकून आणल्यावर भुजंग वैतागला. "आता खाटंला बांधल्याबिगर इलाज न्हाई," म्हणाला आणि दोर आणून खुंटीला अडकवला. त्याच्या बायकोला, सुमनबाईला, ते पटेना. सासऱ्याला काय ढोरासारखं बांधायचं?

अशात शहरातून डॉक्टर प्रमोदिनी आल्या. अशा म्हाताऱ्यांना नव्या उपायानं गुण येतो का, हे त्या तपासत होत्या. उपाय म्हणजे एक डबा. डोळ्यांना लावला की दोन भिंगांतून चित्र इतकं खोल दिसायचं की माणूस त्यात उभाच राहायचा. मे महिन्यात धरण आटून जुन्या गावाची वाट उघडी पडली, तेव्हा डॉक्टरबाईंनी डब्यात घालायला उन्हातान्हात पावलापावलावर फोटो काढले. कानाला लावायच्या टेपसाठी आवाज घरचा हवा म्हणून सुमनबाईकडून बोलून घेतलं, "मामा, लिंबापासून डावीकडं वळा. आता पायऱ्या उतरा. भिऊ नका, मी मागंच हाय. चला पुढं."

गुण आला, आणि लय लवकर आला. डबा लावला की म्हातारा गप, सुमनबाईच्या भाकरी निवांत व्हायच्या. बाई दर आठवड्याला कागद भरायच्या: झोप लागते का, वळणं किती आठवली? दहापैकी दोन, मग पाच, मग आठ.

श्रावणात धरणावर धुणं घेऊन गेलेल्या सुमनबाईनं पाहिलं, तर लिंबाच्या खोडापर्यंत पाणी चढलं होतं आणि पायऱ्या कधीच बुडाल्या होत्या. चित्रातली वाट मात्र कोरडी ठणठणीत. त्याच दुपारी सटवाजी डबा न लावता, डोळे मिटून खाटेवर बसलेले दिसले. खाली सोडलेले पाय एकामागून एक हलत होते, अंगठा पायरी चाचपत होता. बाईंना सांगावं असं दहादा मनात आलं. पण सांगितलं तर डबा जाणार, आणि दोर खुंटीला होताच. त्या आठवड्याचा कागद भरताना तिनं 'झोप बरी लागते' एवढंच सांगितलं.

शेवटच्या तपासणीत सटवाजींनी डब्याशिवाय सगळी वळणं धडाधड सांगितली. "दहापैकी दहा!" बाई हरखल्या. डबा आता बोरी गावच्या एका आजींकडे न्यायचा होता. सुमनबाई त्यांना जीपपर्यंत सोडायला गेली आणि परतली तर खाट रिकामी होती.

ती धरणाकडं धावत सुटली. सटवाजी पूर्वीसारखे भरकटत नव्हते. ताठ मानेनं, एकही वळण न चुकता निघाले होते. लिंबापासून डावीकडं वळले, तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं.

"मामा! ओ मामा!" तिनं काठावरून हंबरडा फोडला.

सटवाजी थबकले. मान न वळवताच समाधानानं म्हणाले, "हाईस का मागं, पोरी? मग काळजी न्हाई."

तिला पोहता येत नव्हतं. ती जीव तोडून हाका मारत राहिली, आणि तिच्या प्रत्येक हाकेसरशी ते निर्धास्तपणे एकेक पायरी उतरत गेले.